मशीनखालचं बोलणं

— नाही, नाही, ती खुर्ची नको काकू, तिचा एक पाय सैल आहे, ती आम्ही फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी ठेवतो — या, इकडे बसा, खिडकीपाशी. थांबा, पुस्तकं उचलते. हं. बसा. पिशवी ठेवा ना खाली, कुणी नेत नाही, भाषाशास्त्र विभागात चोर शिरला तर बिचारा आम्हालाच काहीतरी देऊन जाईल. — हसलात. बरं झालं हसलात. तर जिन्यात तुम्ही म्हणत होता, की मी तिला सांगावं. पुढच्या वर्षी परत बाहेरच्या विद्यापीठांचे फॉर्म भर म्हणून. माझं ऐकेल म्हणून. काकू, तुमची टाचणी — माफ करा, वर्गात सगळे तिला टाचणीच म्हणतात, तुम्हाला माहीत असेल, सदा कॉलरला चार टाचण्या खोचलेल्या, परीक्षेला बसली तरी — तर टाचणी माझं ऐकते हा तुमचा गैरसमज आहे. ती सगळ्यांचंच ऐकते. मान हलवते, हो मॅडम म्हणते, आणि मग जे करायचं तेच करते. हे कुणावर गेलंय ते मी विचारत नाही.

आणि फॉर्म भरणं म्हणजे काय असतं ते तुम्ही पाहिलंच की घरी. चार महिने. नाव, पत्ता, जन्मतारीख ही नुसती सुरुवात. मग दोन पानांत सांगायचं, तुम्हाला हे का शिकायचंय. का म्हणजे काय — शिकायचंय म्हणून शिकायचंय — पण तसं लिहून चालत नाही. लहानपणची एखादी गोष्ट लागते, ती रडकी नको, फुशारकीची नको, आणि तिच्यातून पुढची पाच वर्षं आपोआप उगवलेली दिसली पाहिजेत. टाचणीनं ती दोन पानं सतरा वेळा लिहिली. सतरा, मी मोजलेत, सगळे खर्डे त्या कपाटात आहेत. मग तीन शिक्षकांची पत्रं. एक माझं, एक हेडचं, तिसरं मिळता मिळेना. शेवटी आमचे निवृत्त झालेले व्याकरणाचे सर, त्यांच्या घरी जाऊन मी ठाण मांडलं. त्यांना आठवेना कोण मुलगी. मी म्हटलं, सर, कॉलरला टाचण्या. तर म्हणाले, अरे हो हो, ती! फार गप्प असते. आणि पत्रात तेच लिहायला निघाले — फार गप्प असते. मी अक्षरशः हात धरला त्यांचा. एकेका ठिकाणी तीनशे-तीनशे अर्ज येतात काकू, जागा सहा, कधी पाच. तिथं कुणी 'गप्प असते' वाचलं की पान उलटतात. त्या पानाआड माणूस आहे की नाही, हे बघायला थांबत नाहीत.

मला कशाला एवढी उठाठेव? बरोबर आहे. हेडनंही हेच विचारलं होतं. मी लांब शिकले ना — सहा वर्षं — तिथं सगळं होतं, ग्रंथालय रात्रभर उघडं, मशीनमध्ये नाणं टाकलं की कॉफी. पण बसले की एकच डोक्यात यायचं, की जगातल्या सगळ्या बोलण्याबद्दल जाडजूड पुस्तकं लिहितात ती माणसं, आणि बोलणारे मात्र आपल्यासारखे. म्हटलं परत जायचं. आपल्याकडच्या एका तरी पोरीला तिथं पोचवायचं, म्हणजे ती स्वतःबद्दल स्वतः लिहील. घरच्यांनी वेड्यात काढलं. इथं आले तर विभागात दोन पंखे, अडीच शिक्षक आणि सात मुलं. त्या सातांत टाचणी. मला वाटलं — झालं. हिच्यासाठीच आले मी. तसं लिहूनही ठेवलं होतं डायरीत. आता वाचवत नाही ते.

तुम्ही अगदीच गप्प आहात. पाणी देऊ? — नको. नाही, मला सवय नाही ना तुम्ही गप्प असण्याची. सांगू का, मी तुम्हाला चाळीस तास ऐकलंय. खरंच. कानात घालून, इथंच, या टेबलाशी. टाचणीनं तुमच्या शिवणखोलीत कापडाच्या कपाटावर तो छोटा रेकॉर्डर ठेवला होता ना मागच्या उन्हाळ्यात, तुमची सही घेतली होती कागदावर, काजं करणाऱ्या बाईंचीही, इस्त्रीवाल्या आजींचा अंगठा — ते चाळीस तास. उतरवलेल्या कागदांवर तुमचं नाव नाही, तसा आमचा नियम आहे, तुम्ही आहात 'ख'. काजवाली 'ग'. आणि 'ख' काय बोलते हो! गणवेशाच्या ढिगात बसून साऱ्या शाळेचा उद्धार करते. मुख्याध्यापकांच्या पोटाचं माप तर मला तारखेवार पाठ आहे. आणि माझ्याबद्दलही आहे बरं का त्यात. 'ती नवी मॅडम, लांबून शिकून आलीय म्हणे. शर्टाचं वरून दुसरं बटण गेलंय महिनाभर. पोरींना भाषा शिकवते, आधी बटण लाव म्हणावं.' — अहो नाही, रागवायचं काय त्यात! मी परत मागे नेऊन ऐकलं, आणि उठून बटण लावलं. हे बघा. वाकडंच लागलंय.

पण काम तिनं काय केलं होतं, अर्जाला जोडलेल्या त्या निबंधात, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ती नाही सांगायची. तुमच्या खोलीत कुणीच वाक्य पुरं करत नाही, माहितीय तुम्हाला? एकीनं सुरू करायचं, मशीन सुरू झालं की सोडायचं, मशीन थांबलं की दुसरीनं तिथूनच उचलायचं, सुटलेला टाका उचलावा तसं. कुणी उचलायचं, कुणी नाही, नवी बाई आली तर तिला किती दिवसांनी उचलू देतात — हे सगळं पोरीनं मोजलं, सेकंदात मोजलं. चाळीस तास एकटीनं कागदावर उतरवले, एकेक हुं, एकेक खोकला, डोळ्यांत तेल घालून —

काही नाही. असंच. म्हणायची पद्धत आहे आपली. कुठं होते मी?

यादी आणलीय का तुम्ही? तिच्याच अक्षरातली? दाखवा. — नाही, नाही, माझ्याकडे द्या, मी वाचते, तुम्ही कशाला अशी मान वाकडी करून — उजेड कमी आहे इथं. खिडकी असून उजेड कमी आहे. हं. तर हे पहिलं, घड्याळाच्या मनोऱ्याचं विद्यापीठ, यांचं उत्तर सगळ्यात आधी आलं. चार ओळी. 'यंदा असाधारण गुणवत्तेचे अर्ज आले, त्यामुळे' — त्यामुळे तुमचा नाही. दुसरं, यांनी तर तिचं नावच चुकवलं होतं, दुसऱ्या कुणाचा नकार हिला आला की काय असं वाटून आम्ही अर्धा दिवस आशेवर काढला. तिसरं आणि चौथं एकाच दिवशी. पाचवं — इथं मुलाखत झाली होती, त्या सैल पायाच्या खुर्चीवरच बसून दिली तिनं, वीस मिनिटं तोल सांभाळत. सहावं, यांनी कळवलंच नाही, त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन बघावं लागलं. सातवं नकार. हे राहू द्या. नववं, हे सगळ्यात उशिरा, यांचं पत्र मात्र माणसानं लिहिल्यासारखं होतं, दुःख वाटतं वगैरे. तर असं आहे काकू. आठ ठिकाणचे नकार पचवून परत पहिल्यापासून सुरू कर असं मी कुठल्या तोंडानं —

बोटं कशाला मोजताय?

नाही, मी म्हटलं ना, सातवं नकार, मग — हो. हो, यादीत नऊ आहेत. असतील. म्हणजे आहेत. अहो, एखादं मोजताना राहतं माणसाचं, मी काही हिशेबनीस नाही. ते आठवं ना, ते आपलं — त्यांचं असं असतं, एक प्रतीक्षा यादी असते, त्यात वर-खाली — तुम्ही ते बोट मिटा ना काकू. असं वर धरून नका बसू. मला वर्गात प्रश्न विचारल्यासारखं वाटतंय.

बरं.

दार लावते. शिपाईकाकांचे कान लांब आहेत.

आलं होतं. आठव्याचं 'हो' आलं होतं. पाच वर्षांची जागा, फी नाही, राहण्या-जेवण्याचं सगळं तेच बघणार. तिथल्या एका बाईंनी स्वतः लिहिलं होतं, छापील नाही, स्वतः — 'तुमच्या निबंधाचं बाविसावं पान आम्ही तिघींनी एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवलं.' टाचणी इथं उभी होती, या कपाटापाशी. मी तर खुर्चीवरून उठून ओरडले, शेजारचे इतिहासवाले धावत आले, त्यांना वाटलं उंदीर. आणि ही म्हणते, मॅडम, आईला सांगू नका. मला वाटलं, स्वतः सांगायचं असेल, गोड बातमी आहे, पोरीचा हक्क आहे तो. मी म्हटलं, नाही सांगत, जा, तूच सांग. दोन दिवसांनी आली, वही परत करायला. म्हणाली, मी त्यांना नको म्हणून कळवलं.

— हो. तिनंच. स्वतः.

का म्हणजे — आता मुलींचं असतं असं, ऐनवेळी धीर सुटतो, एवढं लांब जायचं, अनोळखी माणसं, थंडी — मीसुद्धा पहिलं वर्ष रडून काढलं होतं, वसतिगृहाच्या धुलाईघरात, तिथं मशीनच्या आवाजात कुणाला — नाही. खोटं आहे हे. धीर सुटणाऱ्यातली नाही ती. मला खोटं बोलता येत नाही काकू, आणि मला ह्याचा केवढा अभिमान होता, तुम्हाला काय सांगू. वर्गात पहिल्याच दिवशी सांगायचे मी, आपण ऐकतो ते जसंच्या तसं लिहायचं. आपल्याला सोयीचं नाही, शोभेल ते नाही. ऐकलं ते. भाषाशास्त्र म्हणजे एवढंच. पोरं वहीत लिहून घ्यायची.

तिच्या कागदांत एक मोकळी जागा होती. सव्विसाव्या तासात. तिनं कंसात लिहिलं होतं, 'अस्पष्ट, अकरा सेकंद'. चाळीस तासांत पोरीनं इस्त्रीची वाफ लिहिली होती, कात्री खाली पडली ती लिहिली होती, आणि अकरा सेकंद अस्पष्ट? मी विचारलं, हे काय? म्हणाली, मशीन चालू आहे मॅडम. मी म्हटलं, मशीन तर सगळीकडेच चालू आहे. तर म्हणाली, ते नसतं ऐकायचं. बघा. सरळ सांगितलं होतं तिनं. आणि आधी लिहूनही दिलं होतं, बाविसाव्या पानावर, एकच वाक्य — 'मशीन चालू असताना बोललेलं खोलीत कुणीच ऐकलेलं नसतं.' मी त्याच्या समासात काय लिहिलं होतं सांगू? 'पुरावा?' हिरव्या शाईनं. लाल शाईनं मुलं दबतात म्हणून मी हिरवी वापरते. तिथल्या तिघींना पुरावा लागला नाही. मला लागला. मला वाटलं आळस केलाय. मला वाटलं, एवढं सुंदर काम आणि त्याला हे भोक, तीनशे अर्जांत कुणी बोट ठेवलं तर? मी म्हटलं, पोरीसाठी एवढं करू. माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आहे, परत येताना आणलेलं, मशीनचा आवाज एकाच पट्टीत असतो, तो सोलून काढता येतो, फळाची साल काढावी तसा. रविवारी बसले. दुपारभर सोलत होते. आणि मग खाली तुम्ही होतात.

हळू बोलतेय मी. तुम्हाला माहीतच आहे काय म्हणालात ते. मधोमध धुरकट दिसतं ग, कडेकडेनं बघून शिवते. डॉक्टर म्हणतात वाढत जाणार. तिला कळता कामा नये. कळलं तर ती जायची नाही. — अकरा सेकंद.  काजवालीच्या सुईखालचं कापड संपलं होतं, ते कळतं, रिकामी सुई वेगळी वाजते, सोलून काढलेला आवाज वेगळा ऐकला तर स्वच्छच कळतं — पण ती पाय मारत राहिली. तुमचं बोलून होईपर्यंत कापड नसताना मशीन चालवत राहिली ती बाई. आणि मी काय केलं? मी ते ऐकलं, आणि मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. म्हटलं, सापडला पुरावा! बाविसाव्या पानाला पुरावा! बघा, महत्त्वाचं ते मशीनखालीच बोलतात! मी ते अकरा सेकंद नीट, शब्दन्शब्द, तुमच्या धापेसकट लिहून काढले. तिच्या मोकळ्या जागेत. हिरव्या शाईनं. आणि सोमवारी तिच्या हातात दिलं — म्हटलं, घे, तुझं भोक बुजवलं मी.

तिच्या हातात, काकू. ती तुमची मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण त्या क्षणी तुम्ही 'ख' होता. मला आईबिई कुणी दिसलंच नाही, मला नुसतं वाक्य दिसत होतं. उंटावरची शहाणी म्हणतात ना, ती मी. तिनं वाचलं. इथंच, तुम्ही बसलाय तिथं बसून. एकदाच वाचलं. मग कॉलरची एक टाचणी काढून ते पान आधीच्या पानाला टोचलं, आणि म्हणाली, थँक्यू मॅडम. बास. मला वाटलं, आवडलं तिला. नंतर बघितलं तर नऊही ठिकाणी गेलेल्या प्रतींत ते नव्हतंच. परत तिचं तेच. अस्पष्ट, अकरा सेकंद.

— तेव्हापासून. हो. पावसाळा संपता संपता. म्हणजे फॉर्म भरायच्याही आधीपासून. तुम्हाला काहीच लक्षात आलं नाही? सकाळी कॉलेजला येण्याआधी सगळ्या सुयांत दोरा ओवून उशीवर ओळीनं टोचून ठेवते ना ती? पांढरा एका बाजूला, निळा एका बाजूला? तुम्हाला वाटलं, पोर शहाणी झाली. कामाला हातभार. आणि तुम्ही तिच्यासमोर वर्तमानपत्र धरून बसता, तेही सांगितलंय तिनं मला. पान उलटायचं विसरता म्हणाली. म्हणून मग तीच म्हणते, आई, पान दे गं आतलं, मला वाचायचंय. दोघी एका खोलीत, आणि दोघींनी आपापलं मशीन चालू ठेवलंय.

मग फॉर्म का भरले? हेच, हेच मी तिला विचारलं. चिडले होते मी, खरं सांगते, सहा वर्षं माझी, चार महिने तिचे, हेडसमोर मी छाती ठोकून बोललेली — म्हटलं, जायचंच नव्हतं तर हा खेळ कशाला मांडलास? तर म्हणते, आईला कळायला हवं ना की मी प्रयत्न केला. मी फॉर्मच भरले नसते तर तिनं स्वतःला लावून घेतलं असतं. नऊ नकार आले असते तर विषयच संपला असता, कुणाचाच दोष नाही. एवढ्या तीनशे जणांतून कोण मला घेतंय मॅडम, म्हणाली. 'हो' येईल असं मला वाटलंच नव्हतं. — असं म्हणाली. शांतपणे. आणि मी तिला विचारलं, मग ती दोन पानं सतरा वेळा कशाला लिहिलीस?  खोटं कुणी सतरा वेळा लिहितं का, काकू? तुम्हीच सांगा.

तारीख? कसली — हां. पंधरा. पंधरा तारखेपर्यंत 'हो' म्हणायचं होतं. तिनं नको म्हटलं तरी मी तिला न सांगता त्या बाईंना लिहिलं, हातापाया पडले म्हणा ना, घरची अडचण आहे, सुटेल, जागा धरून ठेवा. त्यांनी पंधरापर्यंत धरली. माणुसकीनं धरली. सोळाला लिहिलं की आता पुढच्याला दिली. आज बावीस.

बघू नका ना असं.

मला माहितीय तुम्ही काय विचारताय. सहा आठवडे होते माझ्याकडे. तुमचं घर कुठंय मला माहितीय, दोन वळणं, कोपऱ्यावर दूधवाला, मी बसनं रोज समोरून जाते, चारही मशिनं खिडकीतून दिसतात. उतरून आत येऊन एक वाक्य बोलले असते तर तुम्ही तिला कानाला धरून पाठवली असतीत. काजवालीनं सामान भरलं असतं. एकदा तर उतरलेही होते. फाटकापर्यंत आले. आतून आवाज येत होता. पण मी तिला शब्द दिला होता ना — आईला सांगणार नाही. आणि मला वाटलं, एकदा बोलून वाटोळं केलंय, आता तरी शिकावं. आता तरी दुसऱ्याचं गुपित राखावं. म्हणून राखलं. नेमकं तेव्हा राखलं. एकदा बोलून चुकले, एकदा न बोलून, दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी फार बरोबर वागतेय.

पुढच्या वर्षी? नाही हो. तुम्ही जिन्यात म्हणालात तेव्हाच मला सांगायचं होतं, पण जिना संपला. पुढच्या वर्षी तिनं भरलेच तरी ती परत नकारासाठीच भरेल, आणि आता तिला कळलंय की 'हो' येऊ शकतं, तेव्हा या खेपेला काम मुद्दाम वाईट करेल. हुशार आहे, अगदी बेतानं वाईट करेल, मलाही कळायचं नाही. — मी सांगू? की मी चुकीचं ऐकलं होतं? की ते शब्द काजवालीचे होते, तिचे डोळे, तुमचे नाही? काकू… तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय. नाही, बोलेन. मी बोलेनही. माझी कसली आता फुशारकी राहिलीय. पण तिला तुमचा आवाज ओळखता येत नाही असं तिला कोण पटवणार? चाळीस तास तिनं उतरवलेत. तुम्ही श्वास कुठं घेता तेसुद्धा तिला माहीत आहे. आणि मुळात तिनं ते उतरवताना, कानात घालून, तेव्हाच ऐकलं नव्हतं असं तरी कुठं आहे? हे मला आत्ता सुचतंय, बोलता बोलता. अस्पष्ट तिनं लिहिलं होतं ना. ऐकल्याशिवाय अकरा सेकंद मोजले कसे? कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं हे… म्हणजे कदाचित ती ऐकूनही जाणार होती. ऐकलंच नाही असं धरून जाणार होती. तुमच्या रीतीनं. आणि मग मी ते कागदावर लिहून तिच्या हातात दिलं. लिहिलेलं कसं न ऐकल्यासारखं करणार?

अरे देवा.

नाही, मी ठीक आहे. तुम्ही — तुम्ही ओरडा ना माझ्यावर. तिथं एवढं ओरडता, उलट्या कॉलरीसाठी ओरडता. मला काहीतरी म्हणा. बटणावरून म्हणा. — उठू नका एवढ्यात. पाणी तरी घ्या. बरं, यादी तरी, यादी राहिली तुमची, नको? फाडून टाकू? ठेवते. इथं ठेवते, लागली तर — लागणार नाही. हो.

थांबा, जिन्याला उजेड नाही, मी येते खालपर्यंत. हात धरते. — नको? बरं. मी नाही धरत. कठडा डाव्या हाताला आहे.

काय? — तिला सांगायचं नाही? काय सांगायचं नाही? तुम्ही आला होतात ते. आणि तुम्हाला आठव्याचं कळलंय ते. तिला वाटू दे की तुम्हाला नऊ नकारच माहीत आहेत. म्हणजे तिनं तुमच्यापासून लपवलंय ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही तिच्यापासून लपवलंय ते तिला — बरं. कळलं. घरी गेल्यावर तुम्ही काहीच बोलणार नाही? काहीच? सकाळी ती सुया ओवून ठेवेल आणि तुम्ही… बरं. बरं काकू. नाही सांगणार.

खरंच नाही सांगणार.

विश्वास बसत नाही ना? नाहीच बसणार. जा तुम्ही.